जोखीम, शेतकरी आणि नाण्याचा खेळ

सुधारलेले बियाणे, रासायनिक खत किंवा पेरणीची नवी पद्धत शेतकऱ्यापुढे मांडली की तो ती तत्काळ स्वीकारतोच असे नाही. गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याचा हा नित्याचा अनुभव आहे. अशा वेळी ‘शेतकरी जुन्या वळणाचा आहे’, ‘मोठा बागाईतदार धाडस करतो, लहान शेतकरी मुळातच भित्रा असतो’ अशी मीमांसा सहज केली जाते, आणि पुढे अहवालातही तीच उतरते. ही मीमांसा कितपत खरी आहे, हे प्रत्यक्ष प्रयोगाने तपासून पाहण्याचे काम १९७० नंतरच्या दशकात सोलापूर, अकोला व महबूबनगर या तीन जिल्ह्यांतील सहा गावांत झाले. पिकावरचे प्रयोग शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. हा प्रयोग मात्र पिकावर नव्हता. निर्णय घेणाऱ्या माणसावर होता.

अर्थशास्त्रात अशा प्रयोगांची परंपरा त्या वेळी नवीनच होती. अनिश्चित फळाच्या दोन पर्यायांपैकी माणूस कोणता निवडतो यावरून त्याची मनोवृत्ती अंकांत मांडता येते, हा विचार फॉन नॉयमन व मॉर्गेनस्टर्न यांनी खेळांच्या सिद्धांतावर १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे सर्वमान्य झाला. पुढे विद्यापीठांतून विद्यार्थ्यांना थोड्याशा पैशांचे खेळ खेळावयास देऊन त्यांची निवड टिपण्यात येऊ लागली. परंतु ज्याचे वर्षाचे पोट एका पावसावर अवलंबून आहे अशा माणसाची निवड आणि वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याची निवड एकच असेल, असे गृहीत धरणे धोक्याचे होते. हान्स बिन्सवांगर या मूळच्या स्विस अर्थशास्त्रज्ञाने हा खेळ थेट कोरडवाहू गावांत नेला.

सहा गावे

हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ मध्ये कोरडवाहू पिकांच्या संशोधनासाठी ‘इक्रिसॅट’ ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग ही तिची पिके. नवे वाण तयार करावयाचे तर ते पेरणाऱ्याचा संसार कसा चालतो हे कळले पाहिजे, या विचाराने संस्थेने १९७५ पासून काही गावांचा सखोल अभ्यास हाती घेतला. महबूबनगर जिल्ह्यातील औरेपल्ली व डोकूर, सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कलमण, आणि अकोला जिल्ह्यातील कंझरा व किनखेडा ही ती सहा गावे होत. (महबूबनगर तेव्हा आंध्र प्रदेशात होता; २०१४ पासून तो तेलंगणात आहे.) प्रत्येक गावातून चाळीस कुटुंबे निवडली गेली. त्यांत दहा मजुरांची, आणि लहान, मध्यम व मोठे शेतकरी यांची प्रत्येकी दहा, अशी वाटणी होती. माहिती गोळा करणारे अन्वेषक गावातच मुक्काम करून राहिले.

गावांची निवड विचारपूर्वक केलेली होती. औरेपल्ली व डोकूर यांची जमीन तांबडी व पाणी न धरणारी. तेथे एरंडी व ज्वारी, आणि तळ्याविहिरीच्या आश्रयाने भात. शिरापूर व कलमण येथे खोल काळी जमीन, परंतु पाऊस अत्यंत बेभरवशाचा. तेथील शेतकरी खरिपात बरीचशी जमीन मोकळी ठेवतो, परतीच्या पावसाची ओल जमिनीत साठू देतो आणि मग रब्बीची ज्वारी पेरतो. बाहेरच्या माणसाला ही मोकळी जमीन आळसाची खूण वाटेल. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती ओलीची ठेव असते. अकोल्याच्या दोन्ही गावांत मध्यम काळी जमीन व तुलनेने खात्रीचा पाऊस, म्हणून कापूस प्रमुख. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रातील गावांच्या स्मरणात तेव्हा ताजा होता. जोखीम म्हणजे काय हे तेथे कोणाला समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

प्रश्न विचारून काय हाती लागले

आरंभी बिन्सवांगर यांनी रूढ मार्ग अवलंबिला. अन्वेषकाने शेतकऱ्याला काल्पनिक प्रश्न विचारावेत: अमुक इतके निश्चित उत्पन्न आणि अमुक इतके अनिश्चित उत्पन्न यांपैकी तुम्ही काय घ्याल? आकडे थोडेथोडे बदलत जावे आणि दोन्ही पर्याय समान वाटू लागतील तो बिंदू शोधावा. पद्धत कागदावर निर्दोष होती. प्रत्यक्षात मिळालेल्या उत्तरांवर शेतकऱ्याच्या मनापेक्षा विचारणाऱ्याचाच ठसा अधिक उमटला, असे आढळून आले. पुढे खऱ्या पैशांच्या खेळांतून जे निष्कर्ष निघाले त्यांच्याशी या उत्तरांचा काहीच मेळ बसला नाही.

विस्तारकार्यात या गोष्टीकडे जितके लक्ष द्यावयास हवे तितके दिले जात नाही. पाहुणा काय ऐकू इच्छितो हे शेतकरी चटकन ओळखतो. ‘पुढील हंगामी हे बी पेराल ना?’ असे विचारल्यावर ‘पेरू की’ हे उत्तर बहुधा सौजन्यापोटी येते. त्यावरून हंगामाचे नियोजन करणारा कार्यकर्ता स्वतःचीच फसवणूक करून घेतो.

पन्नास पैशांपासून पन्नास रुपयांपर्यंत

म्हणून प्रश्नावली बाजूला ठेवून खेळ मांडण्यात आला. खेळ अगदी साधा होता. शेतकऱ्यापुढे काही पर्याय ठेवावयाचे, त्याने त्यांतील एक निवडावयाचा, आणि मग नाणे उडवून त्याच्या निवडीप्रमाणे रोख पैसे त्याच्या हातावर ठेवावयाचे. पन्नास रुपयांच्या पातळीवरील मुख्य पर्याय पुढीलप्रमाणे होते.

पहिला : छापा पडल्यास ५० रु., काटा पडल्यास ५० रु.
दुसरा : छापा ४५ रु., काटा ९५ रु.
तिसरा : छापा ४० रु., काटा १२० रु.
चौथा : छापा ३० रु., काटा १५० रु.
पाचवा : छापा १० रु., काटा १९० रु.
सहावा : छापा काही नाही, काटा २०० रु.

पहिल्या पर्यायात जोखीम मुळीच नाही. नाणे कसेही पडो, पन्नास रुपये पक्के. जसजसे खाली यावे तसतशी सरासरी प्राप्ती वाढत जाते. दुसऱ्यात ती ७० रुपये, तिसऱ्यात ८०, चौथ्यात ९० आणि पाचव्यात १०० रुपये होते. परंतु दैव उलटले तर हाती येणारी रक्कमही त्याबरोबर घटत जाते. पाचवा व सहावा यांची सरासरी सारखीच आहे. सहावा निवडणारा केवळ मोठ्या आकड्याच्या मोहाने जोखीम पत्करतो. यांखेरीज आणखी दोन पर्याय मुद्दाम घातलेले होते: ३५ व १२५ रुपयांचा एक, आणि २० व १६० रुपयांचा दुसरा. हिशेब केला तर ते तिसऱ्या व चौथ्यापेक्षा उणेच ठरतात, कारण सरासरी तीच राहून जोखीम मात्र वाढते.

या पर्यायांची रचना शेतीच्या निर्णयाशी जुळणारी आहे. देशी वाण बिनखताने पेरावे, तर पीक बेताचे येते पण नुकसानही बेताचेच होते. खत टाकून संकरित वाण पेरावे, तर चांगल्या पावसात घर भरते आणि पावसाने दगा दिला तर खताचा खर्चही मातीत जातो. नाण्याच्या जागी पाऊस ठेवला की हा खेळ दर वर्षी रोहिणी-मृगात प्रत्येक कोरडवाहू शेतकरी खेळतच असतो.

गरिबाला जुगार खेळावयास लावणे नीतीला धरून नाही, हा आक्षेप प्रयोगकर्त्यांना स्वतःलाच जाणवला होता. म्हणून कोणत्याही पर्यायात शेतकऱ्याच्या खिशातून एक पैही जाणार नाही अशी व्यवस्था केलेली होती. दैव फिरले तर फार तर काही मिळणार नाही एवढेच. आरंभ पन्नास पैशांच्या खेळाने झाला. त्यात हेच पर्याय शंभराव्या हिश्शाने लहान होते, म्हणजे सहाव्या पर्यायात फार तर दोन रुपये मिळत. मग पाच रुपयांची पातळी आली, आणि त्यानंतर पन्नासाची. विचार करावयास, घरी बोलावयास सवड मिळावी म्हणून खेळ एका बैठकीत न उरकता काही काळात पसरून घेण्यात आले. पाचशे रुपयांच्या पातळीचा प्रश्न मात्र केवळ तोंडी विचारला गेला. तितके पैसे वाटणे शक्य नव्हते. पन्नास रुपयांच्या खेळातील सर्वांत मोठी रक्कम, म्हणजे दोनशे रुपये, ही त्या काळच्या अकुशल मजुराच्या महिन्याच्या कमाईहून अधिक होती. हे पैसे गमतीचे नव्हते.

निष्पन्न काय झाले

पन्नास पैशांच्या खेळात निवडी चोहीकडे विखुरलेल्या होत्या. काहींनी सावध पर्याय घेतले, काहींनी थेट शेवटच्या टोकाला जाऊन दोन रुपयांवर नजर ठेवली. रक्कम वाढत गेली तसे हे चित्र पालटले. पन्नास रुपयांच्या पातळीवर जवळजवळ सर्वजण मधल्या पर्यायांकडे सरकले. अगदी पहिला, बिनजोखमीचा पर्याय धरून बसणारे थोडे, आणि सर्वस्व नाण्यावर सोपविणारेही थोडे. सरासरी प्राप्ती वाढत असेल तर काही जोखीम घ्यावयाची, पण वाईट दिवशी हात अगदीच रिकामा राहू द्यावयाचा नाही, असा हा कल होता. याला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. संसारी माणसाचा तो हिशेब आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट दुसरीच होती. श्रीमंत शेतकरी पुढचे पर्याय निवडील आणि गरीब मागचे, अशी सर्वसाधारण अपेक्षा होती. तसे झाले नाही. मालमत्तेमुळे सावधगिरी किंचित कमी होताना दिसली, पण तो फरक इतका क्षुल्लक होता की संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला नाही. मजूर, लहान शेतकरी व मोठा शेतकरी मोठ्या रकमेपुढे जवळपास सारखेच वागले. १९८० मध्ये हे निष्कर्ष अमेरिकेतील कृषि-अर्थशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि त्यांनी पुष्कळांना विचारात पाडले. मोठा शेतकरी नवे बी, नवे खत आधी घेतो हे तर उघड्या डोळ्यांनी दिसते. मग स्वभाव सारखा असता हा फरक कोठून आला? बिन्सवांगर यांचे उत्तर असे होते की कारण मनात शोधू नये, परिस्थितीत शोधावे. कर्ज कोणाला मिळते, बी व खत कोणाच्या दारापर्यंत पोहोचते, बाजार कोणाला जवळ आहे, माहिती कोणाला आधी कळते, या गोष्टी दोघांच्या बाबतीत समान नसतात.

एक लहानसा निष्कर्ष येथेच नोंदविण्यासारखा आहे. आधीच्या खेळांत ज्यांना नाण्याने साथ दिली होती ते पुढील खेळांत थोडे अधिक धाडस करताना आढळले. नाण्याला स्मरणशक्ती नसते, माणसाला असते. पन्नास पैशांच्या खेळातील मोकळेपणा आणि हा अनुभव एकत्र घेतला, तर नवे वाण प्रथम पूर्ण शेतात न पेरता दोन-चार गुंठ्यांच्या तुकड्यावर, तेही पाण्याची थोडीफार सोय असेल तेथे, करून पाहण्याची जुनी रीत किती शहाणपणाची आहे हे लक्षात येते. तुकडा लहान असला की हात मोकळा राहतो.

पावसाचे ओझे कोणावर

स्वभाव सारखा असला तरी जोखमीचे ओझे सारखे नसते, ही गोष्ट याच गावांच्या आकडेवारीतून पुढे स्पष्ट झाली. मार्क रोझेन्झवाइग व बिन्सवांगर यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मान्सूनच्या आगमनाची अनिश्चितता आणि शेतीचा नफा यांची सांगड घालून पाहिली. पावसाच्या आगमनातील चढउतार ठराविक मापाने वाढला, तर सर्वांत गरीब चतुर्थांश कुटुंबांचा नफा सुमारे ३५ टक्क्यांनी घटतो, आणि सर्वांत सधन चतुर्थांशावर त्याचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही, असे त्यांना आढळले. गरीब शेतकरी पाऊस बिघडला तरी तग धरता येईल अशीच साधने व पिके निवडतो, आणि त्यासाठी चांगल्या वर्षीचा नफा सोडून देतो. सधन शेतकऱ्यापाशी साठवण असते, पत असते. एखादे वर्ष गेले तरी चूल विझत नाही. दोघांनीही मधलाच पर्याय निवडला असता, पण एकाला तो परवडतो आणि दुसऱ्याला परवडत नाही.

बैलाचे उदाहरण घ्यावे. त्याच वर्षी रोझेन्झवाइग व केनेथ वोल्पिन यांनी याच गावांतील बैलांच्या खरेदीविक्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. उत्पन्न बुडाले की शेतकरी बैल विकतो आणि चांगले वर्ष आले की विकत घेतो. बैल हे त्याचे औतही असते आणि पेढीही. परिणाम असा की दुष्काळानंतरच्या पहिल्या चांगल्या पावसात, जेव्हा वापसा साधून पेरणी उरकण्याची घाई असते, तेव्हा दावणीला बैल नसतो. तो भाड्याने मिळेपर्यंत ओल उडून जाते. उसनवारीची सोय असती तर बैल विकला गेला नसता. गावात बैल कमी का, याचे उत्तर अशा रीतीने पतपुरवठ्याच्या वहीत सापडते.

मजुरांच्या बाबतीत महाराष्ट्रातील गावांना एक आधार होता. १९७२ च्या दुष्काळात सुरू झालेल्या व १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळालेल्या रोजगार हमी योजनेमुळे शिरापूर व कंझरा येथील मजूर कुटुंबांच्या उत्पन्नातील चढउतार, अशी योजना नसलेल्या औरेपल्लीतील मजूर कुटुंबांच्या मानाने कमी राहिले, असे इक्रिसॅटच्या अभ्यासकांनी नोंदविले आहे. खडी फोडण्याच्या व बांधबंदिस्तीच्या कामाकडे या दृष्टीने फारसे कोणी पाहत नाही. परंतु वाईट वर्षी काम मिळण्याची खात्री म्हणजे मजुराचा विमाच होय.

विम्याचा प्रयोग

जोखमीचा भार उतरविला तर शेतकरी खरोखर वेगळा वागतो काय? हा प्रश्न पुन्हा महबूबनगर व शेजारच्या रायलसीमेतील अनंतपूर या जिल्ह्यांत तपासला गेला. शॉन कोल, हाविएर जिने व जेम्स विकरी या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ च्या खरिपात शेतकऱ्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला पाऊस कमी पडल्यास ठराविक भरपाई देणारा विमा विनामूल्य दिला. दुसऱ्या गटाला त्या विम्यातून सरासरीने जितके मिळण्याची अपेक्षा होती तितकी रोख रक्कम देण्याचे ठरले. दोन्ही गटांची प्राप्ती सरासरीने सारखी. फरक एवढाच की एकाचा पैसा वाईट पावसाच्या वर्षी येणार, दुसऱ्याचा कोणत्याही वर्षी.

विमाधारक गटाने एकूण खर्च फारसा वाढविला नाही, पण तो खर्च कोठे करावयाचा ते बदलले. त्यांनी एरंडी व भुईमूग या अधिक नफ्याच्या, परंतु पावसाला अधिक हळव्या अशा नगदी पिकांकडे अधिक जमीन व पैसा वळविला. हा बदल शिकलेल्या शेतकऱ्यांत अधिक ठळक होता. ज्यांना विम्याचा करार वाचता येत नव्हता त्यांनी त्यावर विसंबून पीक बदलले नाही, यात नवल मानण्याचे कारण नाही.

मात्र विमा फुकट न देता विकावयास काढला तेव्हा तो फारच थोड्यांनी घेतला. पुढे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच भागातील व गुजरातेतील प्रयोगांतून याची कारणे दिसून आली. किंमत हे एक कारण होतेच. दुसरे कारण असे की विमा विकणारा पेरणीच्या तोंडावर येतो, आणि त्या दिवसांत शेतकऱ्याची सारी रोकड बियाण्यात व नांगरटीत गुंतलेली असते. विमा का घेतला नाही असे विचारता पैसा हाती नव्हता हेच उत्तर प्रामुख्याने आले, आणि ज्यांना भेटीच्या वेळी थोडी रोख रक्कम देण्यात आली त्यांच्यात विमा घेणाऱ्यांचे प्रमाण बरेच वाढले. तिसरे कारण विश्वासाचे. परका माणूस एकटाच विम्याची माहिती देऊन गेला तेथे प्रतिसाद बेताचा मिळाला. गावाला आधीपासून परिचित असलेल्या संस्थेच्या स्थानिक प्रतिनिधीने ‘हा माणूस खात्रीचा आहे’ असे सांगितले, तेथे तोच विमा, त्याच किमतीला, अधिक जणांनी घेतला.

शेतकऱ्याची एक शंका मात्र निराधार म्हणता येत नाही. अशा विम्यात भरपाई शेतातील पीक पाहून ठरत नाही. जवळच्या पर्जन्यमापकात किती मिलिमीटर पाणी साठले यावरून ठरते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर यांनी १९७० नंतरच्या दशकात पीकविम्याची जी योजना मांडली तीही एकेका शेतावर नव्हे, तर संपूर्ण क्षेत्राच्या सरासरी उत्पन्नावर आधारलेली होती, आणि १९७९ पासूनचे देशातील प्रयोग त्याच तत्त्वावर झाले. शेताशेतातील नुकसान मोजण्याचा खर्च व वाद यामुळे टळतो. परंतु शिवाराच्या एका अंगाला सर येऊन दुसरे अंग कोरडे राहणे ही कोरडवाहू मुलखातील नेहमीची गोष्ट आहे, आणि पर्जन्यमापक भिजलेल्या अंगाला असेल तर कोरड्या अंगाच्या शेतकऱ्याला काहीच मिळत नाही. विमा काढावा की नाही हे विचारावयास येणाऱ्या शेतकऱ्याला कार्यकर्त्याने प्रथम पर्जन्यमापक कोठे बसविलेला आहे ते सांगावे, आणि त्याच्या शेतावर व त्या ठिकाणी गेल्या काही वर्षांत पाऊस बरोबरीने पडला काय, हे त्यालाच आठवावयास लावावे.